नवा पंखा

माझ्या सुनेची एक खोड मला अजिबात खपत नाही. तोंडावर "बरं, आई" म्हणते आणि मागाहून स्वतःचंच खरं करते.

होडीच्या इंजिनाला पाण्यात फिरणारा पंखा घ्यायचा होता. दुकानात ती म्हणाली, "आई, आपली शिडाची होडी जड आहे. जुन्यासारखाच रुंद, कमी पिळाच्या पात्यांचा घेऊ." मी दुसरीत शाळा सोडली, पण पापलेट पारखण्यात मला हरवून दाखवा. पंखाही तसाच दाबून पाहिला, वाससुद्धा घेतला, आणि भरपूर पिळाचा, चकचकीत होता तो उचलला. जुना भंगारात द्यायला सांगितला. "बरं, आई."

आज खाडीच्या तोंडाशी वारा पडला आणि शीड लोंबलं. इंजिन लावलं, तर त्याला नवा पंखा झेपेना. ते नुसतं कण्हत राहिलं आणि ओहोटी आम्हाला खडकांकडे ओढू लागली. बाजूने जाणारा मोरेश्वर ओरडला, "काकी, दोर टाकू का?"

"नको! हवा खायला थांबलोय!"

तो गेला. खडक मात्र जवळ आले.

सुनेने नांगर टाकला, इंजिन वर उचललं, फळीखालून जुना पंखा काढून बसवला. होडी अशी निघाली की माझा पदर उडाला.

"करुणा," मी म्हटलं, "तू माझं ऐकत नाहीस तेच बरं. फक्त पुढच्या खेपेला दुकानातच ऐकू नकोस. खडक दिसेपर्यंत कशाला थांबायचं?"