खोकल्याची खूण

सत्तेचाळीस सालची गोष्ट. कृपादान नुकता बी.एस्सी. होऊन नगरच्या एका नव्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांच्या हाताखाली शिकवायला आला होता. पहिला तास सरांना पसंत पडला, तरच नेमणूक पक्की होणार होती.

सर मोठ्या मनाचे. म्हणाले, "घाबरू नका. मी मागच्या बाकावर बसतो. चुकलात की नुसता खोकेन, तुम्ही सुधारून घ्या."

कृपादानाने फळ्यावर पाणी मांडलं: दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. सर खोकले. त्याने घाईने पुसून उलटं लिहिलं. सर जास्तच खोकले. मग गड्याने त्यात गंधक घातलं, चुना घातला. खोटं नाही सांगत, तास संपेतो त्या पाण्याने भिंत बांधता आली असती! पोरं तोंडाला रुमाल लावून बसली होती, हसत असणार. त्याच्याही डोळ्यांना धार लागली. लाजेनेच, दुसरं काय!

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "पहिलं बरोबर होतं. का पुसलंत?"

"सर, आपण खोकलात ना!"

"तो ठसका होता हो, खूण नव्हे. पण स्वतःच्या बरोबर उत्तरावर ज्याचा भरवसा नाही, त्याच्या हाती वर्ग कसा देऊ?"

कृपादान मान खाली घालून वर्गाच्या भिंतीपलीकडच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याची आई स्वयंपाकाला होती.



"आलास व्हय, मास्तर?" तवा हलवत मार्थाबाई म्हणाली. "तुज्या पयल्या तासाची कोंबडी करतीया. मगाधरनं नुसत्या मिरच्याच भाजतीया बग!"