वाकडा पळस

वारासिवनीचे लोक मला बघायला येणार, त्याच्या आठवडाभर आधी आईनं भिंतीवरचं चित्र खाली काढलं. बैहरच्या रस्त्यावरचं जंगल, दारं रंगवून उरलेल्या ऑईलपेंटनं तिनंच रंगवलेलं, तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक चित्र. कोपऱ्यातल्या स्वतःच्या नावावर तिनं हिरवा रंग फासला आणि तो वाळल्यावर वर माझं नाव लिहिलं. “आई, तू काहून खोटं करून राह्यली?” मी विचारलं. “तुले साधा रुमाल भरता येत नाही. त्याईले का दाखवू, तुये नखरे?” तेव्हा मुलीच्या हातचं काहीतरी दाखवावंच लागायचं, बैलाचे दात दाखवतात तसं. ‘हे तूच काढलं का’ असं पाहुण्यांनी विचारलं आणि मी हौ म्हटलं. लग्न झालं, चित्र माझ्यासोबत सासरी आलं, आईच्या भिंतीवर खिळा राहिला. शहाऐंशी साली ती पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. जेवताना सासूबाई म्हणाल्या, “इहीनबाई, तुमच्या पोरीच्या हातात लय कला हाये.”  चित्राकडे बघून आई म्हणाली, “हौ, पण तो पळस जरा वाकडा आला. आता काढला असता त सरळ आला असता.” सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मला कोणी अडवलं नव्हतं. मला फक्त ते फुकटचं कौतुक सोडवत नव्हतं. पुढच्या वर्षी आई गेली. चित्राच्या कोपऱ्यात अजून माझं नाव आहे, तिच्या अक्षरात.