सपाट बुडाची नाव

तलावाच्या पाळीवर चढताच गजेंद्रला नाव दिसली, आणि खांद्यावरचं पोतं त्याने सावकाश खाली ठेवलं. पोत्यात इंजिन होतं. अकरा वर्षं रत्नागिरीकडे दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबून जे गाठीला लागलं, ते सगळं त्या इंजिनात गेलं होतं. दोन गाड्या बदलताना त्याने ते एकदाही कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

त्याचा बाप नावेत उभा होता. बकाराम ढिवराने आजवर आसपासच्या सगळ्या तलावांसाठी डोंगे घडवले होते, पण समुद्रासाठी ही पहिलीच नाव. बांधावरचा एकुलता एक बिजा तिच्यासाठी पडला. झाड तोडायच्या परवानगीतच दोन हिवाळे गेले होते.

“चढ ना बे! पाहुन्यावानी उभा काऊन हायेस?” बाप ओरडला.

काठावर बसून मंगरू जाळं सांधत होता. तो म्हणाला, “गज्या, तुझ्या बापानं नाव नाही, पलंग बनवला पलंग! समुद्रावर मस्त झोपून राहजो.”

बकाराम खुशीत हसला. गजेंद्र वर आल्यावर त्याने त्याला दंडाला धरून एका कडेला उभं केलं आणि स्वतःही त्याच कडेला उभा राहिला. “आता सांग. हालते का?”

नाव हालत नव्हती.

गजेंद्रने गुडघे टेकले. बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि नावेच्या खालून फिरवला. फळी सरळ होती. खांद्यापर्यंत हात गेला, तरी सरळच होती.

फोनवर त्याने लांबी सांगितली होती, बारा हात. रुंदी सांगितली होती, चार हात. बुडाचं बापाने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तलावावर जन्म गेलेल्यासाठी नावेचं बूड सपाटच असतं. समुद्रावर अकरा वर्षं काढलेल्याला ते सपाट असू शकतं हे सुचतही नाही. तिकडच्या नावेला खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत कणा असतो आणि पोट त्याच्याकडे निमुळतं होत जातं. त्या कण्यावर तो रोज झोपला होता.

“हे पाय,” बकाराम सांगत होता, “दोर नवा घेतला. आन नाव रेटाचा बांबू मुद्दाम लांब ठेवला. समुद्र खोल राहते म्हनून.”

बांबू खरंच लांब होता. नावेच्या दोन्ही टोकांनी बाहेर आला होता. त्याची पेरं तासून, तेल लावून गुळगुळीत केली होती.

“बा, तिथं बांबू टेकत नाही.”

“काठाले तरी टेकन.”

“जिथं मासे हायेत तिथं नाही टेकत.”

बकारामने बांबू उचलला, पुन्हा होता तसा ठेवला. मग मुलाच्या ओल्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. तो हात कुठून आला हे त्याला कळलं असावं.

“लाट केवढी राहते?” त्याने विचारलं.

गजेंद्रने छातीपाशी हात धरला. “हे चांगल्या दिवसाची.” मग त्याने हात डोक्याच्या वर नेला.

बकाराम त्या हाताकडे पाहत राहिला. हात खाली आला तरी त्याची नजर तिथेच होती.

“म्हंजे उलटते.”

“हो, बा.”

“खालून लाकूड ठोकून देऊ. दोन दिवसाचं काम.”

“पोटच वेगळं लागते. आन तिथं साहेब लोक तपासतात, मंगच कागद देतात. हे पाहून हाकलून देतीन.”

“मंग दुसरी बनवू.”

दोघांचीही नजर बांधाकडे गेली. तिथे बिज्याचं खोड गुडघ्याएवढं उरलं होतं आणि त्यावर कुणाची तरी शेळी उभी होती.

सकाळी शालीकरामचा तांदळाचा ट्रक कोकणात निघणार होता, नाव वर टाकून. ट्रक येऊ नये म्हणून त्याला फोन करायला हवा होता. जुनं काम परत मागायला रत्नागिरीच्या बोटवाल्या शेठलाही करता आला असता, पण गजेंद्र निघाला त्याच दिवशी शेठने त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता.

बकारामने धोतर वर खोचलं. “गोटे आन.”

“कायले?”

“बुडवून ठेवू. उनात राहिली त फाटन.”

डोंगा कामात नसला की इथे तो असाच बुडवून ठेवतात. पाण्याखाली लाकूड वर्षानुवर्षं शाबूत राहतं. लहानपणी गजेंद्रने हे काम खेळ म्हणून केलं होतं. गोटे एका कडेला रचायचे, त्याच कडेला उभं राहायचं, कड पाण्याखाली जाते आणि डोंगा गटागटा पाणी पितो.

त्याने गोटे आणले. बकारामने ते एका कडेला नीट रचले, फळीला ओरखडा उठू नये म्हणून एकेक अलगद टेकवत. मग दोघे त्या कडेवर शेजारी शेजारी उभे राहिले. मंगरूचा हात जाळ्यातच थांबला.

कड बोटभर खाली गेली आणि तिथेच थांबली. दोघांनी जोर दिला. नाव थोडी कुरकुरली. पावलं कोरडीच राहिली.

“पानी घेऊन नाही राहिली,” बकाराम हळूच म्हणाला.

गजेंद्र आणखी गोटे आणायला खाली उतरला.