जावयाची पावलं

"मामा, या जुन्या सडकेचा दगडन् दगड मला वळखतो," असं मी सासऱ्यांना छाती काढून सांगितलं. सकाळी चारठाणा गावाबाहेर पडलो आन् दुपारी वाट चुकलो.

"आपल्याच पावलांवरून माघारी चला," मामा म्हणले.

धुळीत मामांचे जोडे उमटलेले, माझ्या बायकोच्या, त्रिवेणीच्या, चपला उमटलेल्या. माझं पाऊल एकबी नव्हतं.

"जावईबापू, तुमी उडत आलाव का?"

लाजेनं मान वर होईना. मी जोरात पाय आपटले. धूळ हाललीसुदीक न्हाई.

"बाबांसमोर इज्जत घालवायलाव की!" त्रिवेणी पुटपुटली.

माघारी घरी आल्यावर सासूबाईंनी दोघांच्याच पायावर पाणी घातलं. मी समोरच उभा होतो, तरी त्यांनी इचारलं, "जावई कुठं राह्यले?"

"येतील मागून," मामा माझ्याकडंच बघत म्हणले, आन् त्यांनी दार लावून घेतलं.