दुष्काळाचा घास

एका नामांकित शेफचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक हेमांगी वर्षभर उशाशी घेऊन झोपत होती. वडिलांच्या, अण्णांच्या, पासष्टीला ती त्यांना हट्टाने त्या शेफच्याच हॉटेलात घेऊन आली.

एकेका घासाच्या ताटल्या येत होत्या; सातव्या ताटलीत रुपयाएवढी लालसर भाकरी आली, वर सोन्याचा वर्ख. शेफ स्वतः टेबलापाशी आला. "बहात्तरच्या दुष्काळातली मिलोची, अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. भुकेची चव आहे ही."

हेमांगी डोळे मिटून घास जिभेवर घोळवू लागली. अण्णांनी ताटलीला हात लावला नाही.

"आम्ही खडी फोडायला जायचो, तेव्हा हीच खायचो," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात ती टिकायची नाही. पाच वर्षांची होती. गेली."

शेफचे डोळे चमकले. "काका, काय नाव होतं तिचं? या पदार्थाला तेच देतो. पुढच्या पुस्तकात घेऊ."

हेमांगीला शिसारी आली. तोंडातला घास तिने त्याच्यादेखत ताटलीत थुंकला.

"अण्णा, उठा."

बाहेर येऊन ती फुटपाथच्या कडेला बसली. आपल्याला एक आत्या होती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"गोदा," तिच्या पाठीवरून हात फिरवत अण्णा म्हणाले. "गोदा नाव होतं तिचं."