धाकटीच्या वाट्याचे मासे

"वेणूनं पाण्यावर मंत्र मारलाय," तलावाच्या काठावर थोरली जाऊ गिरजा भेटेल त्याला सांगत होती.

तलाव एकच, पण दोघी जावांचे वाटे वेगळे. गिरजानं आपल्या वाट्यातलं पाणगवत उपटून पाणी आरशासारखं केलं आणि साऱ्या मोहल्ल्याला मिरवून दाखवलं. धाकट्या वेणूनं काडीही उपटली नाही, तर मासे अंडी घालायला तिच्याच गवतात शिरले. तिची भरलेली टोपली बघून गिरजाला जेवण गोड लागेना.

मंत्र गवतातच आहे हे उमगल्यावर एका पहाटे ती वेणूच्या वाट्यात उतरली आणि आपल्या वाट्यात लावायला मुठीमुठीनं गवत तोडू लागली.

"बाई, नुसते शेंडे नेऊन जगत नाही ते," मागून वेणू म्हणाली. "मुळं चिखलासकट घ्या." आणि तिनंच वाकून गड्डे काढून दिले.

पुढच्या वर्षी गिरजाचीही टोपली भरली. बाजारात ती गिऱ्हाइकांना सांगू लागली, "गवत माझ्या माहेरचं, म्हणून मासा असा गोड."

शेजारी बसलेली वेणू म्हणाली, "हो ना. बाईंच्या माहेरी चिखलात उतरून मीच काढून दिलं."