गाळाची जागा

बंदरात इतका गाळ साचला होता की ओहोटीला जयवंत नाखव्याची होडी बाहेरच रुतायची आणि मासळी उन्हात नासायची. अखेर गाळ उपसायचं यंत्र आलं. उपसलेला गाळ खाडीच्या उथळ काठावर टाकायचं मच्छीमार सोसायटीनं ठरवलं.

"तिथं आम्ही बायका चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढतो. सगळ्या गाडल्या जातील," जयवंतची बायको चंपा म्हणाली.

"मग टाकायचा कुठं? माझ्या डोक्यावर?"

"खाडीपलीकडच्या गावाच्या फुटलेल्या बांधावर. खारं पाणी शिरून त्यांची शेतं पडीक पडलीत."

जाळी कापल्यावरून भांडण झालं, तेव्हापासून त्या गावाशी कुणी बोलत नव्हतं. "मी नाही जाणार तिकडं," जयवंत म्हणाला.

"नका जाऊ. मी जाते."

शेजारणींना घेऊन ती पलीकडे गेली. संध्याकाळी परतली ती तिथल्या म्हाताऱ्या भिकाजी खोतांना सोबत घेऊनच. दारातच हात जोडून ते म्हणाले, "नाखवा, तुमचा गाळ आम्हाला द्या. दगड आमचे, राबणारी माणसंही आमचीच."

जयवंतनं त्यांना हाताला धरून घरात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सोसायटीच्या बैठकीत उभा राहून गाळाची जागा बदलून घेतली.

पावसाआधी बांध उभा राहिला. आश्विनात जयवंत ऐन ओहोटीला भरल्या होडीनं बंदरात शिरत होता. पलीकडून खोतांची हाक आली, "नाखवा, नव्या तांदळाचा भात शिजलाय. जेवून जा!"

जयवंतनं चांगल्या सुरमया बाजूला काढल्या आणि होडी पलीकडे वळवली.